कास्तेल देल मोन्ते: शिकारगृह म्हणावं का, आणि गॉथिक म्हणावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात दक्षिण इटलीत पुल्या प्रांतात जाताय. प्रवासाच्या पुस्तकात कास्तेल देल मोन्तेचं वर्णन ‘सम्राट फ्रेडरिक दुसरा याचं गॉथिक शैलीतलं शिकारगृह’ असं आहे. पण फोटोत तर तो बिनखिडक्यांचा किल्ला दिसतो. आपल्या डोळ्यांसमोरचं गॉथिक म्हणजे मुंबईचं व्हीटी स्टेशन किंवा राजाबाई टॉवर, आणि त्यातलं इथं काहीच दिसत नाही. मग हे गॉथिक कसं, आणि शिकारगृह तरी कसं?

शंका अगदी योग्य आहे. जुन्या दगडी इमारतींचं जतन हे माझं गेल्या सत्तावीस वर्षांचं काम. ही वास्तू मी दोनदा पाहिली, दुसऱ्या वेळी तीन दिवस सलग. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सवय सांगतो. इमारतीला चिकटलेलं नाव मी कधी पुरावा म्हणून धरत नाही. नाशिककडच्या एका वाड्यात आम्हाला एक खोली ‘हमामखाना’ म्हणून दाखवली होती. जुन्या कागदांतही तेच नाव होतं. दोन दिवस जमीन साफ केली, कोपरे तपासले, आणि लक्षात आलं की पाणी बाहेर जायला कुठं वाटच नाही. मोरी नाही, उतार नाही, पन्हळ नाही. ते धान्याचं बळद होतं. तेव्हापासून कुठल्याही वास्तूला मी चार गोष्टी विचारतो. पाणी येतं कुठून आणि जातं कुठं? धूर कुठून निघतो? जनावरं कुठं बांधत होते? दार बंद कसं होतं? उत्तरं मिळाली की नाव काय द्यायचं ते बघू.

आता जागा. आंद्रिया गावाच्या दक्षिणेला सतरा-अठरा किलोमीटरवर, मुर्जे नावाच्या चुनखडीच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर एक एकटी टेकडी आहे, तिच्या माथ्यावर हे बांधकाम. आराखडा एका वाक्यात सांगता येतो: मधे अष्टकोनी चौक, त्याभोवती अष्टकोनी इमारत, आणि तिच्या आठही कोपऱ्यांवर एकेक अष्टकोनी मनोरा. दोन मजले, प्रत्येक मजल्यावर आठ दालनं. चौक साधारण अठरा मीटर रुंद, एकूण पसारा सुमारे छप्पन मीटर, मनोरे चोवीस मीटरच्या आसपास. बस, एवढंच. कुठं जोडखोली नाही, मागाहून काढलेली पडवी नाही. दगडात काम करणाऱ्या माणसाला ही शिस्त बघून धडकी भरते, कारण आठ वेळा तीच गोष्ट करायची म्हणजे पहिल्या वेळची चूक आठ ठिकाणी दिसणार.

कागदोपत्री पुरावा फार थोडा आहे. २९ जानेवारी १२४० रोजी फ्रेडरिकनं, म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याच्या त्या काळच्या सम्राटानं, मध्य इटलीतल्या गुब्बियो इथून आपल्या एका अधिकाऱ्याला आज्ञा पाठवली: सांता मारिया देल मोन्ते या मठाजवळ आम्हाला जो किल्ला हवा आहे त्याच्या कामाची तजवीज करा. त्यातल्या एका शब्दावर विद्वानांचं अजून एकमत नाही. एका वाचनाप्रमाणे तो शब्द सामानसुमान जमवण्याबद्दल आहे, म्हणजे काम सुरू व्हायचं होतं. दुसऱ्या वाचनाप्रमाणे तो फरसबंदीबद्दल किंवा गच्चीच्या कोब्याबद्दल आहे, म्हणजे काम संपत आलं होतं. मूळ नोंदवही तपासायची सोयच उरलेली नाही, कारण नेपल्सच्या दफ्तरखान्यातली ती वही १९४३ मध्ये युद्धाच्या आगीत जळाली. आज्ञेतला दुसरा शब्द मात्र स्पष्ट आहे: कास्त्रुम, म्हणजे किल्ला. त्या काळच्या फ्रेडरिकच्या दफ्तरात विसाव्याच्या, शिकारीच्या घरांना ‘डोमुस’ असा वेगळा शब्द होता. हा फरक माझ्या मते महत्त्वाचा आहे.

मग शिकारगृह हे नाव आलं कुठून? माणसावरून. फ्रेडरिकला ससाण्यानं पक्षी टिपण्याचं अफाट वेड होतं. या विद्येवर त्यानं स्वतः लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यात पक्ष्यांच्या सवयी, पिसं, स्थलांतर यांची स्वतः पाहिलेली निरीक्षणं आहेत, आणि ॲरिस्टॉटल चुकला तिथं चुकला असं सरळ म्हटलेलं आहे. ससाण्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला शांत ठेवायची रीत त्यानं अरबांकडून घेतली. या वेडाची किंमतही त्यानं मोजली. फेब्रुवारी १२४८ मध्ये पार्मा शहराला वेढा घातलेला असताना स्वारी शिकारीला गेली, तेवढ्यात शहरातले लोक बाहेर पडले आणि त्याची छावणी लुटून गेले. खजिना गेला, आणि त्याबरोबर ग्रंथाची देखणी सचित्र प्रतही गेली. असा माणूस रानाच्या टेकडीवर काही बांधतो म्हटल्यावर पुढच्या पिढ्यांनी त्याला शिकारगृह म्हटलं तर नवल नाही. एका मनोऱ्याला आजही बाजदाराचा मनोरा म्हणतात.

आता इमारतीला विचारू.

पाणी. याचं उत्तर फार सुंदर मिळतं. टेकडीवर झरा नाही, सगळा भरवसा पावसावर. छपराचं पाणी दोन वाटांनी जात होतं: काही मनोऱ्यांच्या वरच्या भागात बसवलेल्या टाक्यांत, आणि चौकाच्या जमिनीखाली खोदलेल्या मोठ्या टाक्यात. मनोऱ्यांतल्या काही खोल्या शौचकूप आहेत, आणि वरच्या टाक्यांचं पाणी त्या धुवायला वापरत असावेत. आपल्याकडच्या गडांवर टाक्यांचं शास्त्र ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं खालचं टाकं ओळखीचं वाटेल. पाणी डोक्यावर साठवून खाली सोडायची युक्ती मात्र तेराव्या शतकातल्या युरोपात क्वचितच दिसते. म्हणजे इथं दहा-पंधरा माणसं आरामात, स्वच्छ राहू शकत होती. दोनशेची शिबंदी नाही.

धूर. मोजक्याच दालनांत शेकोटीच्या जागा आहेत, वर निमुळत्या धुराड्यांच्या खुणा आहेत. त्या ऊब मिळण्यापुरत्या. मोठी पंगत उठेल असा मुदपाकखाना आतमध्ये कुठंच सापडत नाही. शिकारीचा तळ म्हणजे सावज येणार, सोलणार, शिजणार, शंभर माणसं जेवणार. ते या सोळा दालनांत कुठं होणार?

जनावरं. आत पागा नाही, आणि पागा होईल अशी जागाही नाही. मुख्य दार जमिनीपासून उंचावर. आज दोन्ही बाजूंनी चढणाऱ्या पायऱ्या दिसतात त्या विसाव्या शतकातल्या दुरुस्तीतल्या आहेत, पण उंबरा पहिल्यापासूनच वर होता. घोडा आत आणायचा विचार बांधणाऱ्यानं केलेलाच नाही. कुत्रे, घोडे, नोकरचाकर बाहेर लाकडी खोपटांत किंवा मठाच्या आवारात राहत असतील, हे शक्य आहे. पण मग आतलं बांधकाम त्यांच्यासाठी नव्हतं हेच सिद्ध होतं.

दार. पूर्वेच्या मुख्य दाराच्या चौकटीत हात घालून बघा. दोन्ही बाजूंना उभी खोबण आहे. वरच्या मजल्यावरून जाळीचा जड दरवाजा सोडायची ती सोय. म्हणजे बंदोबस्ताचा विचार होता. पण खंदक नाही, झुलता पूल नाही, आणि मनोऱ्यांच्या फटी इतक्या अरुंद की जिन्यात उजेड यावा एवढंच त्यांचं काम. गोल जिने डावीकडे वळत चढतात (वरून लढणाऱ्याचा उजवा हात मोकळा राहावा म्हणून किल्ल्यातले जिने उजवीकडे वळवत, असं मानतात), ही गोष्ट अनेकजण ‘हा लढाऊ किल्ला नाही’ याचा पुरावा म्हणून देतात. मला तो पुरावा अर्धाच वाटतो. जिना कुठं वळवायचा हे बऱ्याचदा खालच्या दाराची जागा ठरवते.

तुलनेसाठी लागोपेसोलेचा किल्ला डोळ्यांसमोर आणा. शेजारच्या बासिलिकाता प्रांतात, रानाच्या टेकडीवर, फ्रेडरिकच्याच शेवटच्या वर्षांत उभा राहिलेला. लांबट चौकोनी आकार, प्रशस्त चौक, प्रार्थनामंदिर, माणसाजनावरांना मोकळी जागा. फ्रेडरिकचं शिकारीचं घर बघायचं असेल तर तिकडं जा. कास्तेल देल मोन्तेत शिकारीनंतर सम्राट आणि त्याचे चार सोबती येऊन राहिले असतील, ससाणे मनोऱ्यात ठेवले असतील. पण ही वास्तू शिकारीसाठी बांधलेली नाही. सत्ता दुरून दिसावी म्हणून बांधलेली आहे. मैदानातून येणाऱ्याला ती तासभर आधीपासून दिसत राहते. माझं मत विचाराल तर तिचं खरं काम तेच होतं. आणि फ्रेडरिक डिसेंबर १२५० मध्ये वारला, त्यामुळे त्याला तिथं राहायला फारसा वेळही मिळालेला नाही.

दुसरा प्रश्न गॉथिकचा. इथं आपली अडचण अशी की मुंबईत आपण बघतो ते गॉथिक एकोणिसाव्या शतकातलं पुनरुज्जीवन आहे: टोकं, कळस, नक्षी, रंगीत काच. व्हीटी १८८८ चं. ते गॉथिकचे दागिने झाले. मूळ गॉथिक म्हणजे बांधण्याची रीत. टोकदार कमान आणि फासळ्यांचं छत, म्हणजे बारीक दगडी कमानींच्या सांगाड्यावर तोललेलं छत. गोल कमानीची उंची तिच्या रुंदीवर ठरते, टोकदार कमान मात्र कमी-जास्त रुंदीवरही एकाच उंचीला नेता येते. ही सोय हाती आली आणि छताचं भूमितीचं गणित सुटलं.

कास्तेल देल मोन्तेच्या तळमजल्यावर कुठल्याही दालनात शिरा आणि मान वर करा. दालन समलंब चौकोनाचं आहे: बाहेरची भिंत लांब, चौकाकडची आखूड. अशा वेड्यावाकड्या आकारावर फासळ्यांचं छत नीट बसत नाही, कारण कर्ण सारखे येत नाहीत. मग सूत्रधारानं काय केलं? समलंबातून मधला चौरस कापून घेतला, त्याच्या चार कोपऱ्यांवर अर्धस्तंभ उभे केले, आणि त्या चौरसावर दोन कर्णफासळ्यांचं छत चढवलं. उरले दोन बाजूंचे त्रिकोण. त्यांच्यावर साधी टोकदार नळीसारखी कमान टाकली. पहिल्या भेटीत मी या छताखाली अर्धा तास उभा होतो. अडचण लपवलेली नाही, दागिन्यात बुडवलेली नाही. जिथं चौरस संपतो तिथं स्पष्ट रेघ आहे.

आणि यात कारागिराचा एक मोठा फायदा आहे, तो पुस्तकांत फारसा सांगत नाहीत. आठही दालनं सारखी, म्हणजे छताखाली लावायचं लाकडी सेंटरिंग एकदा बनवलं की पुढच्या दालनात सरकवता येतं. लाकूड महाग, सुतार महाग. मला खात्री वाटते की बांधकामाचा वेग त्यातूनच आला.

छताचा रेटा बाहेर ढकलतो, तो कुठं जातो? उत्तरेकडच्या कॅथेड्रलना बाहेरून दगडी टेकू द्यावे लागले, आपण फोटोत बघतो ते हवेतले कमानी टेकू. इथं त्यांची गरजच पडली नाही. आठ दालनं एकमेकांना कडं करून बसली आहेत, एकाचा आडवा रेटा शेजारचं दालन झेलतं, आणि जिथं कोपऱ्यावर उरलेला रेटा बाहेर येतो नेमका तिथं मनोरा उभा आहे. मनोरे शोभेचे वाटतात, पण काम टेकूचंच करतात.

ही रीत इथवर कशी आली? सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी आणली असं बहुतेकजण मानतात, आणि ते पटतं. रोमच्या दक्षिणेला फोस्सानोव्हा इथलं त्यांचं मठमंदिर १२०८ मध्ये पवित्र केलं गेलं, तिथं हीच साधी, कोरडी, नक्षीला फाटा देणारी फासळीची शिस्त दिसते. फ्रेडरिकच्या कामांवर या मठांतले कारागीर होते.

पण मुख्य दारासमोर उभे राहिलात तर गॉथिक शब्द अडखळतो. आतल्या बाजूला टोकदार कमान आहे खरी, पण तिच्या दोन्ही अंगांना रोमन पद्धतीचे खाचा पाडलेले चौकोनी खांब, वर पानांची स्तंभशीर्षं, त्यांवर बसलेले दोन सिंह, आणि माथ्यावर देवळाच्या दर्शनी भागासारखा त्रिकोण. एका दारात रोमन सम्राटाची खूण आणि फ्रान्सकडची नवी कमान एकत्र. फ्रेडरिक स्वतःला रोमच्या सीझरांचा वारस मानत होता, नेपल्सजवळच्या कापुआ शहराचं वेशीचं दार त्यानं आधीच त्या थाटात बांधवलं होतं. म्हणून मी म्हणेन: छत गॉथिक, दार रोमन, दगड पुल्याचा.

दगडाबद्दल बोललंच पाहिजे. भिंती फिकट पिवळसर चुनखडीच्या. दाराची चौकट आणि तळमजल्याचे अर्धस्तंभ मात्र ब्रेचाचे: चुनखडीचे लहानमोठे तुकडे लाल मातीच्या गाऱ्यात निसर्गानंच घट्ट केलेले, कापल्यावर मांसासारखा लालसर रंग. वरच्या मजल्यावर खांब संगमरवराचे, तीन-तीन जुळवलेले, आणि त्यांच्या पायाशी भिंतीला धरून दगडी बाक. वरच्या भिंतींना एकेकाळी संगमरवरी पाट्या होत्या. त्या पुढच्या शतकांत उचकटून नेल्या, आज उघडी चिरेबंदी दिसते. दाराजवळ गेलात तर उजव्या बाजूच्या ब्रेचावर तिरक्या उजेडात हलक्यानं बोट फिरवून बघा. लाल गारा झिजून आत गेलेला, पांढरे तुकडे वर उरलेले. पावसानं आणि वाऱ्यानं मऊ भाग आधी खाल्ला. जतनाच्या कामात या दगडाइतका त्रास देणारा दगड नाही, कारण एकाच चिऱ्यात दोन वेगवेगळ्या गतीनं झीज चालते. ठिसूळ भाग धरून ठेवायला काही लावावं तर ते कठीण तुकड्याला मानवत नाही.

इटली सरकारनं १८७६ मध्ये ही वास्तू विकत घेतली तेव्हा ती मेंढपाळांचा आडोसा झालेली होती. त्यानंतर दुरुस्त्या होत राहिल्या, विशेषतः १९२८ नंतर. बाहेरचे पुष्कळ चिरे नवे आहेत. म्हणून बाहेरच्या भिंतीवर छिन्नीच्या खुणा शोधून त्यावर सिद्धांत बांधू नका. तेराव्या शतकाचा हात बघायचा असेल तर आत, छताजवळ बघा. १९९६ मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली.

आठ या आकड्याबद्दल तुम्हाला तिथं पुष्कळ ऐकायला मिळेल. ग्रहतारे, सुवर्णप्रमाण, सूर्याच्या सावल्या, गुप्त पंथ. मी ते सगळं ऐकून घेतो. पण आठ कोन फ्रेडरिकच्या आयुष्यात आधीच होता. १२१५ मध्ये जर्मनीतल्या आखेनला, शार्लमेन या जुन्या सम्राटाच्या अष्टकोनी प्रार्थनामंदिरात त्याला राजमुकुट घातला गेला. १२२९ मध्ये तो जेरुसलेममध्ये होता, तिथं ‘डोम ऑफ द रॉक’ ही घुमटाची अष्टकोनी वास्तू उभी आहे. साम्राज्य म्हटलं की त्याच्या मनात आठ कोन येत असतील तर त्याला ग्रहताऱ्यांची मदत लागत नाही. आणि जमिनीवर अष्टकोन आखणं हे गुपित नव्हे. चौरस आखा, त्याच मध्यावर तो अर्ध्या काटकोनात फिरवून दुसरा आखा, दोन्ही जिथं छेदतात ते आठ बिंदू. दोरी, खुंट्या आणि गुण्या एवढ्यावर आपलाही मिस्त्री हे करून दाखवेल. उताराच्या खडकावर ते बिनचूक ठेवणं ही खरी विद्या. बारकाईनं मोजलं की बाजूंमध्ये थोडाथोडा फरक निघतोच, आणि मला तो फरक फार आवडतो, कारण तिथं दोरी धरणारा माणूस भेटतो.

आत फिरण्याचा क्रमही लक्षात ठेवा. तळमजल्यावर पहिलं आणि आठवं दालन शेजारी असूनही त्यांच्यामध्ये दार नाही, नुसती भिंत आणि तिच्यात उंचावर एक गोल झरोका. म्हणजे कडं पूर्ण फिरता येत नाही. पाहुणा पहिल्या दालनात आला की त्याला दुसऱ्यातून चौकात जावं लागतं, पुढची दालनं आपली ओळख आपल्या वेळेनं देतात. वरच्या मजल्यावर सात दालनांना जोडकमानींच्या दुहेरी खिडक्या आहेत, आणि आंद्रियाच्या दिशेला उघडणारी एकच तिहेरी. त्या खिडकीच्या कट्ट्यावर बसून शहराकडं बघा. पुढं फ्रेडरिकच्या मुलाचा, मानफ्रेडचा, १२६६ मध्ये बेनेवेन्तोच्या लढाईत अंत झाला, आणि जिंकणाऱ्या अंजूच्या चार्ल्सनं मानफ्रेडच्या लहान मुलांना याच इमारतीत कोंडलं. तीस वर्षांहून जास्त काळ ती पोरं इथं होती.

दोन जागा चुकवू नका. जिन्याच्या एका मनोऱ्यात अगदी वर छत्रीसारखं छत आहे, त्याच्या फासळ्या उकिडव्या बसलेल्या माणसांच्या खांद्यांवर टेकवलेल्या आहेत. चेहरे ताणलेले, मान आखडलेली. ओझं उचलणारा मजूर रोज बघणाऱ्या पाथरवटालाच हे जमतं. मान वर करायच्या आधी डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या.

आणि तळमजल्याचं आठवं दालन. त्याच्या छताच्या मध्यावरच्या चावीच्या दगडावर टोकदार कानांचं, दाढीवालं वनदेवाचं मस्तक कोरलंय. त्याच खोलीत जमिनीच्या मूळ फरशीचा थोडा तुकडा उरला आहे, षटकोनी तुकड्यांनी जुळवलेला. सगळ्या इमारतीत पायाखालचं असं फारच थोडं शिल्लक आहे. तिथं मांडी घालून बसा, आधी खाली बघा, मग वर. बहुतेक पर्यटक या खोलीत मिनिटभरही थांबत नाहीत, त्यामुळे जागा मिळेल.